घर बघायला येणार आहेत

पंधराएक वर्षं मी लोकांचं रक्त काढलं. अतिशयोक्ती करत नाही, तोच माझा धंदा होता. सोलापुरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. सकाळी सकाळी उपाशीपोटी आलेली माणसं, दंडाला पट्टा, "मूठ आवळा, सोडा, झालं बघा." हात हलका होता माझा, सगळे म्हणायचे. पण हात कितीही हलका असला तरी मला बघून खूश झालेलं माणूस एवढ्या वर्षांत एक दिसलं नाही. लहान पोरं लग्नाकार्यात मला ओळखायची आणि आईच्या पदराआड जायची. एका मंगल कार्यालयात तर एका चिमुरडीनं माझ्या हातातला पेढासुद्धा घेतला नाही. तिला वाटलं, आत सुई असणार.

आमची वेटिंग रूम म्हणजे एक पांढरीफटक खोली होती. बाकडी समोरासमोर, म्हणजे पेशंटांनी एकमेकांचे घाबरलेले चेहरे बघत बसायचं. खिडकीला एक गोदरेजचं कपाट पाठ लावून उभं, त्यामुळं दिवसासुद्धा ट्यूबलाइट. मला ते दृश्य बघून रोज चीड यायची. एकदा डॉक्टर आठवडाभर परगावी गेले तेव्हा मी कपाट हलवलं, बाकडी फिरवली, एका भिंतीला फिकट पिस्ता रंग मारून घेतला. डॉक्टर आले, दारातच थांबले. "हे कुणी केलं?" म्हटलं, "मी." बोलणी खायची आणि चार उलट ऐकवायची, दोन्हीची तयारी होती. पण ते म्हणाले, "पोरं कमी रडतायत का गं?" आणि जरा थांबून, "एकदा आमच्या घरी येऊन बघ ना. हॉल कसातरीच वाटतो."

झालं. चाळिशी ओलांडल्यावर मला कळलं की आपल्याला काय आवडतं. रविवारचा इंटिरिअरचा कोर्स लावला. वर्गात सगळ्या वीस-बावीसच्या पोरी. पहिल्या दिवशी मी आत गेले तर मलाच शिकवणारी समजून सगळ्या उभ्या राहिल्या. मी पण "बसा, बसा" म्हणून घेतलं. तेवढाच मान.

नोकरी सोडते म्हटल्यावर आईनं डोक्याला हात लावला. "चांगली पांढऱ्या कोटातली नोकरी सोडून लोकांच्या घरांना पावडर-कुंकू करत हिंडणार व्हय?" नवरा शाळेत मास्तर, त्याची नोकरी पक्की, म्हणून मला हे धाडस परवडलं, हे खरंच आहे. तो एवढंच म्हणाला, "जा बाई. इतकी वर्षं माणसांचं रक्त काढलंस, आता भिंतींचं काढ." मी त्याला उशी फेकून मारली. पण मनातून इतकी हलकी झाले होते की त्या दिवशी स्कूटीवरून जाताना सिग्नलला उभी राहून गाणं म्हणत होते. शेजारचा रिक्षावाला बघतच राहिला.

सुरुवातीची कामं म्हणजे किरकोळच. कुणाचे पडदे, कुणाचं टीव्हीचं युनिट. नव्या पेठेत पडद्याच्या कापडाच्या दुकानात मी इतका वेळ उभी राहायचे की दुकानदार मला चहा देऊन मागच्या गठ्ठ्यांपाशी मोकळं सोडायचा. कोर्समध्ये जे शिकवलं त्यातलं निम्मं इथं चालायचं नाही. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. त्यामुळं घर सजवायचं म्हणजे आधी पिंपांची सोय बघायची, मग बाकीचं. पिंपं लपवण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, हे मी छाती ठोकून सांगते.

आणि मग मावशी आल्या.

मावशी म्हणजे लॅबमधल्या माझ्या जुन्या पेशंट. दर तीन महिन्यांनी साखर तपासायला यायच्या. गाव तिकडं सांगोल्याच्या बाजूला. मेंढरं राखून, कोरडवाहू रान कसून नवरा-बायकोनं एकुलत्या एका पोराला शिकवलं. पोरगा इंजिनिअर झाला, सोलापुरात एका कंपनीत लागला आणि त्यानं जुळे सोलापूर म्हणतात त्या नव्या वस्तीत फ्लॅट घेतला. फ्लॅट नवाकोरा, भिंती रिकाम्या. मावशी माझ्याकडं येऊन म्हणाल्या, "मॅडम, तुमचा हात हलका हाय. माज्या सुईला तुमी, तसं घराला बी तुमीच."

अख्खं घर! माझं पहिलं अख्खं घर. मी घरी जाऊन साखर खाल्ली.

पण मावशींना घर स्वतःसाठी सजवायचं नव्हतं. पोराचं वय तिशीच्या पुढं गेलं होतं आणि ठरत आलेली तीन स्थळं मोडली होती. कारण एकच. पोरगी बघितली, पोरगा बघितला, पत्रिका बघितली, सगळं जमलं की मुलीकडचे घर बघायला यायचे. तेव्हा हे लोक दोन खोल्यांच्या पत्र्याच्या घरात भाड्यानं राहायचे. पत्रा बघितला की पाहुणे चहा पिऊन उठायचे. आमच्याकडची रीत अशी, की घर बघायला आलेले पाहुणे चहा-पोहे सगळीकडेच घेतात, त्याला काही अर्थ नसतो. पण जेवायला थांबले तर समजायचं, मनात आहे. "उशीर होतोय, जेवणाचं पुन्हा कधीतरी," म्हणाले की विषय संपला. तोंडावर नकार कुणी देत नाही. तीन वेळा मावशींनी पुरणपोळीचा घाट घातला होता आणि तिन्ही वेळा ती पोळी शेजाऱ्यांना वाटली होती.

"आवंदा पोळी वाटायची न्हाय मला, मॅडम," त्या म्हणाल्या. "पाहुण्यांनी दारात पाय ठिवला की डोळं दिपलं पायजेत."

यावेळचं स्थळ वेळापूरकडचं होतं. शेतकरी माणसं, मुलगी बी.एस्सी. झालेली. पोराला मुलगी पसंत होती, मुलीला पोरगा. एवढंच नाही, दोघं आता फोनवर बोलायची. मी मापं घ्यायला जायचे तेव्हा हा गॅलरीत उभा राहून कुजबुजत असायचा, आणि मी टेप घेऊन आले की दचकून "हो सर, हो सर" म्हणायचा. मी म्हटलं, "अरे, सरांशी बोलताना कुणी एवढं लाजतं का?" कान लालभडक झाले त्याचे. गुणी पोरगा. मला तर वाटायला लागलं होतं की याचं मोडलं तर माझंच काहीतरी मोडेल.

मग मी काय सोडते! हॉलला फॉल्स सीलिंग केलं. त्यात रंग बदलणारे दिवे, रिमोटवर. राखाडी सोफा. स्वयंपाकघर तर असं केलं की मीच जाऊन जाऊन बघायचे. पांढराशुभ्र ओटा, वर काचेची कपाटं, खाली ट्रॉल्या, डोक्यावर चिमणी. मावशींना प्रत्येक गोष्ट विचारत होते, हे चालेल का, ते चालेल का. त्यांचं एकच उत्तर, "व्हय की, लई झ्याक." काका, म्हणजे मावशींचे मालक, तर बोलायचेच नाहीत. भिंतीला टेकायचे आणि लगेच मागं वळून बघायचे, डाग पडला का म्हणून. काम संपलं त्या दिवशी मावशींनी खणा-नारळानं माझी ओटी भरली. लॅबमधून बाहेर पडताना मला कुणी कधी ओटी भरून पाठवलं नव्हतं. डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

पाहुणे येणार त्या दिवशी मावशींचा फोन. "तुमी पायजेच. त्या बटनांचं आमाला काय कळत न्हाय." म्हणजे मी दिवे लावायला. गेले. आधी सोफ्यावरचं प्लास्टिक टराटरा काढलं. मावशी "ऱ्हाऊ द्या की, ऱ्हाऊ द्या की" म्हणत मागं मागं. मी ऐकलं नाही.

पाहुणे तिघं आले. मुलीचे आई-वडील आणि मामा. मुलगी येत नसते घर बघायला, ती घरी फोनपाशी. वडील उंच, काटक, पांढरी टोपी. चपला दाराबाहेर काढल्या, आणि उंबऱ्यावरून पाय आत टाकण्याआधी त्यांनी एक पाऊल दुसऱ्या पोटरीला पुसलं. मग दुसरं पाऊल पुसलं. मी ते बघितलं आणि मला काय वाटावं? अभिमान! म्हटलं, बघा, फरशी कशी चमकतेय.

सोफ्याच्या अगदी कडेला तिघं बसले. मामांनी वर बघितलं. "ह्यो मधी खड्डा कशाला?"

"त्यात दिवे आहेत," मी म्हटलं आणि रिमोट दाबला. हॉल निळा झाला. मग गुलाबी. मग जांभळा. तिघंही माना वर करून बघत होते. जांभळ्या उजेडात वडिलांची टोपीसुद्धा जांभळी दिसायला लागली.

"लई खर्च झाला आसंल," वडील हळूच म्हणाले.

मावशींना हाच प्रश्न हवा होता. "व्हय तर! पोरानं कायबी कमी पडू दिलं न्हाय."

वडिलांनी मान हलवली. दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरले.

मुलीची आई म्हणाली, "रांधायचं कुटं?" मी त्यांना आत घेऊन गेले. माझं स्वयंपाकघर! एकेक ट्रॉली ओढून दाखवली. त्या बाईंनी हात मागं बांधले होते, सराफाच्या दुकानात घ्यायचं काही नसताना आपण बांधतो तसे. ओट्याकडं बघून म्हणाल्या, "ह्येला हळद लागली तर?"

"कशाला लागेल?" मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं. "इतके दिवस झाले, एक डाग दिसतोय का बघा. आमच्या मावशी फार जपतात."

त्या "हां" म्हणाल्या. नुसतं "हां."

चहा झाला, पोहे झाले. मावशी आतून येऊन "पानं घेते" म्हणणार तेवढ्यात वडील उठले. टोपी सारखी केली. "चला, निगतो आमी. गाडीला लांबचा पल्ला हाय. जेवणाचं पुन्यांदा कवातरी."

तो सूर मला ओळखीचा होता. लॅबमध्ये काही माणसं म्हणायची, "रिपोर्ट नंतर घेऊन जातो," आणि आम्हाला कळायचं, हा माणूस परत यायचा नाही. मावशींचा चेहरा एकदम लहान झाला. काकांनी खाली बघितलं. आणि पोरगा? त्याच्या हातातला फोन थरथरत वाजत होता. कुणाचा ते सांगायला नको. त्यानं तो उचलला नाही, नुसता तळव्यात दाबून धरला.

मला तेव्हा कुठं उमगलं. डोळे दिपवायला निघालो होतो आणि समोरच्याला घाबरवून बसलो होतो. ही माणसं पत्रा बघून उठली नव्हती, फॉल्स सीलिंग बघून उठली होती. एवढ्या थाटाच्या घरात मुलगी द्यायची म्हणजे लग्न केवढं करावं लागेल, मानपान केवढा, आणि आपली पोर या पांढऱ्या ओट्यापाशी दिवसभर डाग शोधत उभी राहणार. मी रिमोट मागं लपवला. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात मुलीच्या आईनं नाक वर केलं. "काय तरी जळतंय."

मी धावत स्वयंपाकघरात. शेगडी थंडगार. चिमणी बंद. पण वास तर खमंग करपलेला.

"काय न्हाय, काय न्हाय," म्हणत मावशी माझ्या आधी मागच्या गॅलरीच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, दोन्ही हात पसरून. मुलीची आई मागोमाग आलीच होती. घरात काही जळत असलं की बाई पाहुणी राहत नाही. तिनं मावशींना खांद्याला धरून बाजूला केलं आणि दार उघडलं.

गॅलरी म्हणजे केवढी! धुणं वाळत घालायची जागा. तिथं जमिनीवर जुनी एका बर्नरची शेगडी, तिच्यावर तवा, तव्यावर करपून धूर सोडणारी भाकरी. शेजारी लाकडी काठवट, पिठाचा सडा, फडक्यात गुंडाळलेली भाकऱ्यांची चळत, पातेलंभर पिठलं. भिंत, जिला मी खास मोतिया रंग दिला होता, ती काळी ठिक्कर.

माझं डोकंच फिरलं. पाहुणे बिहुणे सगळं विसरले. "मावशी!" मी ओरडले. "एवढं स्वयंपाकघर करून दिलं आणि तुम्ही इथं भाकरी थापताय? कधीपासून?"

"पयल्या दिसापासनं," मावशी म्हणाल्या. डोळे भरले होते त्यांचे. "रागावू नगा, मॅडम. पाहुण्यांची पोळी तेवढी तिकडं केली, उभ्या उभ्या. पर माज्या साखरंला लागती ती रोजची भाकर तितं व्हत न्हाय. त्यो गोरापान वटा बघितला की हातच उचलत न्हाय. पीठ सांडंल, डाग पडंल, तुमाला काय वाटंल. म्हून हितं बसून करते आन् तिकडचं पुसून ठिवते."

मुलीची आई आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघत होती. "म्हंजी तुमी बी भिताय व्हय?"

"न्हाय तर काय! पाठ टेकाया भ्या वाटतं की ह्या घरात."

"अगं बाई," ती म्हणाली, "मला वाटलं, आमची पोरगी हितं भिऊन मरंल."

"मीच मरतीया की रोज!" मावशी म्हणाल्या. आणि मग पदरानं नाक पुसत, "तुमची पोरगी आली तर मला जोड हुईल. दोगी मिळून भिऊ."

आधी कोण हसलं ते आठवत नाही. मुलीची आई हसता हसता खाली बसली, फतकल मारून. करपलेली भाकरी उलथन्यानं काढून बाजूला टाकली, बांगड्या मागं सारल्या आणि काठवट स्वतःकडं ओढली. "सरका तिकडं. तुमच्या पिठाला पाणी कमी पडलंया." मावशी "अवो, तुमी पाहुण्या" म्हणेपर्यंत तिच्या हाताखाली भाकरी गरगर फिरायला लागली. थप थप थप. काय हात होता!

मग तिनं मान वळवून हॉलकडं हाक दिली, "अवो! टोपी काडा. जेवून जायचंय."

वडील दारात येऊन उभे राहिले. काळी भिंत बघितली, पिठात बसलेली आपली बायको बघितली, मावशींच्या गालावरचं ओलं बघितलं. आणि त्या माणसाचे खांदे, जे आल्यापासून वर चढून बसले होते, ते खाली आले. "मग आदीच सांगायचं की," ते म्हणाले, "हितं बसायची जागा हाय म्हून." काका पहिल्यांदा बोलले, "या, या. दाटीनं बसू." मामा, काका, वडील, तिघं स्वयंपाकघराच्या फरशीवर मांडी घालून बसले, पाठ माझ्या चकचकीत ट्रॉल्यांना टेकून. पुरणपोळीचं ताट कुणी मागितलंच नाही. पिठलं, भाकरी, शेंगांची चटणी. मामांनी फरशीवर कांदा ठेवला आणि बुक्कीनं फोडला. माझ्या काळजात धस्स झालं, पण फरशीला काही झालं नाही. ओट्यावर पिठल्याचा पहिला डाग पडला तो माझ्या हातून, वाढताना. पुसला नाही मी. मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. माझ्या हातून सजलेल्या घरात माणसं पोटभर जेवत होती, त्यापुढं दिव्यांचं काय घेऊन बसलाय.

पाणी आणायला उठले तेव्हा हॉलमध्ये जांभळे दिवे तसेच चालू होते. त्याखाली पोरगा भिंतीकडं तोंड करून उभा, फोन कानाला. मी मुद्दाम ऐकलं नाही, पण फ्लॅट तो केवढा, ऐकू येतंच.

"हॅलो," तो म्हणाला. "अगं, जेवायला बसलेत." त्यानं मनगटानं डोळे पुसले, वळून दारातून आत एकदा बघून खात्री केली आणि म्हणाला, "हो गं. खरंच. तुझ्या बाबांनी दुसरी भाकरी घेतली."